हालचाल नाही: एक तास बारा मिनिटं

चाळणीकाका हे नाव ऑफिसातल्या मंडळींनी त्यांच्या पाठीमागे ठेवलं होतं, आणि पाठीमागे ठेवलेल्या सगळ्या नावांसारखं ते त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांना राग आला नाही. नाव अगदी नेमकं बसलं होतं. बावीस वर्षं त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं? चाळलंच होतं.

त्यांचा धंदा सांगायला सोपा. दवाखाने, गोदामं, वाहनतळ, ऑफिसं, सगळीकडे कॅमेरे लावलेले असतात आणि ते सेकंदाला पंचवीस चित्रं घेत बसतात. बघत कुणीच नाही. पण ठेवायची मात्र सगळ्यांना असतात. ती सगळीच्या सगळी ठेवायची म्हटली, तर कितीही यंत्रं आणा, महिन्याभरात भरून वाहायला लागतील. म्हणून व्हिडिओ जसजसा जुना होत जाईल, तसतसा तो विरळ करायचा. कुठली चित्रं ठेवायची, कुठली फेकायची, हे ठरवणारे नियम काकांनी लिहिले होते. पहिला महिना सगळं जसंच्या तसं. वर्षापर्यंत सेकंदाला पाच चित्रं. पुढे पाच वर्षांपर्यंत दोन सेकंदांना एक, तेही पुसट. आणि पाच वर्षं उलटली की दिवसाला एकच चित्र, दुपारी बाराचं, अंगठ्याच्या नखाएवढं.

त्यांतला एक नियम तर काकांचा विशेष लाडका. चित्राचे लहान लहान चौकोन पाडायचे. ज्या चौकोनात काही हलत असेल, तिथे वर सांगितलेला हिशेब. ज्या चौकोनात काहीच हलत नसेल, तिथे एकच चित्र ठेवायचं, पण लख्ख, पहिल्या दिवशी घेतलं तितकं लख्ख, आणि त्याच्या पोटात एक आकडा लिहायचा: हे किती वेळ दाखवायचं. रिकामी भिंत तासभर तशीच असेल, तर तिची नव्वद हजार चित्रं कशाला? एक पुरे. नवीन गिऱ्हाईक आलं की काका हा नियम असा रंगवून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, भिंतीचा शोधसुद्धा यांनीच लावला.

घरी मात्र भिंतीच होत्या. बायको जाऊन पावणेपाच वर्षं झाली होती. मुलगी लांब, विमानाने जावं लागेल एवढी लांब. रविवारी तिचा फोन यायचा. काका सकाळपासून फोन चार्ज करून टेबलावर उताणा ठेवत आणि वाजला की मुद्दाम तीन घंटा जाऊ देत, म्हणजे आपण काही त्याच्यापाशी बसून नव्हतो असं तिला वाटावं.

त्या रविवारी मुलगी आपल्या लेकीचं सांगत म्हणाली, "बाबा, चिमणी चालायला लागली ना, पण कशी चालते माहितीये? चार पावलं तुरुतुरु जाते, थांबते, मागे वळून बघते. मी आले की परत चार पावलं."

"म्हणजे तुझ्या आईसारखी," काका म्हणाले. "ती कधी शेजारून चाललीच नाही. पुढे जायची आणि थांबायची."

"तेच ना! मला वाटत होतं, पण आठवेना नीट. बाबा, आईचा चालतानाचा एखादा व्हिडिओ असेल ना तुमच्याकडे? चिमणीचा आणि तिचा शेजारी शेजारी लावून बघायचाय मला. लहानसा असला तरी चालेल."

बावीस वर्षं या माणसाच्या हाताखालून जगाचा व्हिडिओ गेला होता. कुठल्या गोदामात मांजर किती वाजता शिरलं, हे त्याला सांगता आलं असतं. आणि स्वतःच्या बायकोचा एक व्हिडिओ त्याच्याकडे नव्हता. लग्नाची कॅसेट होती, तिला बुरशी लागली. नंतरचे फोटो होते, पण फोटो चालत नाही. फोनवर शूटिंग वगैरे काढायचं, तर काका म्हणत, 'दिवसभर तेच बघतो गं, घरी नको.'

"बघतो," ते म्हणाले. "शोधतो."

"नक्की ना?"

"अगं, माझा धंदाच आहे तो."

फोन ठेवून त्यांनी चहाचं आधण चढवलं. आणि मग चहाचं पाणी उकळून आटून गेलं तेव्हा त्यांना एकदम आठवलं: खालचा कॅमेरा!

ऑफिसच्या इमारतीत खाली, दारातून आत आल्यावर, डाव्या हाताला लिफ्ट आणि उजव्या हाताला एक लांब बाकडं. बाकड्याशेजारी एक मोठी कुंडी. वरच्या कोपऱ्यातला कॅमेरा काकांचा प्रयोगाचा कॅमेरा होता. नवीन नियम आधी त्याच्यावर लावायचा आणि मग लोकांना विकायचा. बायको दोन गल्ल्या सोडून चष्म्याच्या दुकानात काम करायची, आणि संध्याकाळी इथे येऊन त्या बाकड्यावर बसायची. मग दोघं मिळून घरी. वर्षानुवर्षं. म्हणजे रोज ती त्या दारातून बाकड्यापर्यंत चालत गेली होती, आणि कॅमेऱ्यासमोरून गेली होती.

सोमवारी सकाळी काकांनी यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. तिच्या बहुतेक संध्याकाळी पाच वर्षांची रेघ ओलांडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी उरली होती दुपारी बाराची नखाएवढी चित्रं. दुपारी बारा वाजता बाकड्यावर कुणी नसायचं. शेकडो दिवस, एकाखाली एक, रिकामं बाकडं आणि कुंडी. आजारी पडून ती यायची थांबली, त्याच्या आधीच्या फक्त नऊ संध्याकाळी अजून रेघेच्या अलीकडे होत्या. आणि रोज पहाटे यंत्र एकेक दिवस चाळायचं.

आता खरं तर धावत वर जाऊन मॅडमकडून परवानगी घ्यायची होती. व्हिडिओ बाहेर काढायचा तर वरिष्ठांची सही लागते, हा नियमही काकांचाच. पण काका गेले नाहीत. का गेले नाहीत, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस त्यांच्याकडे आला होता. तो आणि त्याचा भाऊ मिळून याच लिफ्टचं काम करायचे. भाऊ मागे वारला होता. "साहेब, आम्ही दोघं शिडीवर आहोत असा तुकडा असेल तुमच्याकडे. तेवढा द्या," असं तो म्हणाला होता. काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला. बाहेरच्या माणसाला पोलिसांचं किंवा कोर्टाचं पत्र असल्याशिवाय नाही. तो माणूस "बरं साहेब" म्हणून गेला. मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "काका, देऊन टाकायचं होतं की." आणि काका म्हणाले होते, "एकाला दिलं की रांग लागते, मॅडम."

आता त्या रांगेत कुठल्या तोंडाने उभं राहायचं? सोमवार गेला. मंगळवारी ते मॅडमच्या दारापर्यंत गेले आणि टाचण्या मागून परत आले. बुधवारी तर टाचण्यासुद्धा नव्हत्या मागायच्या. गुरुवार उजाडेपर्यंत तीन पहाटे यंत्राने आपलं काम चोख केलं. नवाच्या सहा संध्याकाळी राहिल्या. ज्या तीन गेल्या त्या अभिमानापायी गेल्या, दुसरं कारण नाही. माणूस स्वतःशी किती निर्दय असू शकतो, आणि वर त्याला शिस्त म्हणतो.

गुरुवारी ते आत गेले आणि एका दमात सगळं बोलून मोकळे झाले.

मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी ऐकलं आणि कागद ओढून सही केली. "एवढंच ना, काका? मला वाटलं राजीनामा देताय."

"मॅडम, त्या लिफ्टवाल्याला..."

"त्याचं तेव्हाच गेलं, काका," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचं तरी घेऊन ठेवा."

हे ऐकून काका जे खाली बघायला लागले, ते आपल्या खोलीत येईपर्यंत खालीच बघत होते. मग त्यांनी सगळ्यात आधी सहाही संध्याकाळी वेगळ्या काढून ठेवल्या.

शनिवारी दुपारी ऑफिस अर्धं रिकामं असतं. काकांनी दार लोटलं, चष्मा पुसला आणि पहिली संध्याकाळ लावली. बोट सवयीने सोळापट वेगावर गेलं. त्यांच्या धंद्यात सरळ वेगाने कुणी काही बघत नाही. माणसं लिफ्टमधून भुर्रकन उडाली, दार फडफडलं, आणि बाकड्यावर बायको येऊन बसली. काकांनी थांबवलं, मागे घेतलं, वेग साधा केला.

दारात एक पुसट ठिपका. दोन सेकंदं. मग तो ठिपका कुंडीपाशी. दोन सेकंदं. मग बाकड्यापाशी वाकलेला. झालं. दारापासून बाकड्यापर्यंतचं चालणं तीन चित्रांत संपलं होतं. पाऊल कुठेच नव्हतं. ठिपका उड्या मारत गेला होता, बायको नव्हे.

काकांनी उरलेल्या पाच संध्याकाळी लावून पाहिल्या. कुठे तीन चित्रं, कुठे चार. मग त्यांनी त्यांच्याकडचं ते नवं साधन काढलं, मधली चित्रं स्वतःच रचून भरणारं. यंत्राने खालमानेने काम केलं आणि बायको दारातून बाकड्यापर्यंत गुळगुळीत सरकत गेली, पाय न उचलता, सामानाच्या ढकलगाडीसारखी. काकांनी ते तिथल्या तिथे पुसून टाकलं. असली चालणारी बाई चिमणीला आजी म्हणून दाखवायची? त्यापेक्षा न दाखवलेली बरी.

रडू यायला लागलं, आणि ते काही फार आवरायच्या भरीस पडले नाहीत. खोलीत होतंच कोण. आणि डोळे पुसून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांना ती दिसली.

बाकड्यावर बसलेली. लख्ख. आजूबाजूला लिफ्टमधून येणारी-जाणारी माणसं पुसट डाग होऊन उड्या मारत होती, आणि त्यांच्यामध्ये ती एकटी स्पष्ट बसली होती, इतकी की अंगठ्याला लावलेली चिकटपट्टी दिसत होती. चपलेचा पट्टा तिने घरीच शिवला होता, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने, तो दोरा दिसत होता. गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. मान किंचित वर केलेली. ती लिफ्टवरचे आकडे बघत होती.

काका पडद्याला नाक लागेल एवढे पुढे झाले. किती दिवसांनी ते तिला बघत होते! मग खालच्या पट्टीवर त्यांची नजर गेली. तिच्या चौकोनांच्या पोटात आकडा होता. हालचाल नाही: एक तास बारा मिनिटं.

चूक असणार. काकांनी दुसरी संध्याकाळ उघडली. अठ्ठावन्न मिनिटं. तिसरी. एक तास वीस. चौथी, पाचवी, सहावी. तासाच्या आसपासच सगळ्या.

पण ती तर रोज म्हणायची, आत्ताच आले!

रोज. काका धापा टाकत लिफ्टमधून बाहेर यायचे, सहाला येतो म्हटलेलं आणि वाजलेले पावणेसात. ती उठत म्हणायची, "अहो, मीही आत्ताच आले. हल्ली दुकानात सुटतासुटता गिऱ्हाईक येतं." काकांना तेव्हा बरं वाटायचं. चला, दोघांनाही उशीर होतो, म्हणजे कुणाचंच काही बिघडत नाही. मग कधीकधी ते सातलाही खाली यायला लागले.

ते उठले आणि खाली गेले. दारावरचे मामा त्या दारावर काकांच्याही आधीपासून होते. शनिवारचा पेपर त्यांच्या मांडीवर उघडा होता.

"मामा, आमची ही... इथे किती वाजता यायची?"

मामांनी पेपर मिटला. "वहिनी? साडेपाचच्या ठोक्याला. घड्याळ लावून घ्यावं."

"साडेपाच?"

"मी म्हणायचो ना, वहिनी, वर कळवू का? तर म्हणायच्या, नको, कामात असतील. चहा सांगू का? तर तेही नको. नुसत्या बसायच्या त्या आकड्यांकडे बघत. लिफ्ट तुमच्या मजल्यावर थांबली की पिशवी सावरायच्या. दुसरंच कोणीतरी उतरायचं. मग परत ठेवायच्या."

"आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"त्यांनीच सांगितलं होतं, साहेब," मामा म्हणाले. "विचारलंच साहेबांनी, तर आत्ताच आल्या म्हणायचं. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

काका बाकड्याकडे बघत उभे राहिले. कुंडीतली पानं वरच्या पंख्याने हलत होती. ती पानं पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण माणूस तासभर पुतळ्यासारखा बसत नाही. तीही तशी बसली नव्हती. तिने मान वळवली असेल, जांभई दिली असेल, पिशवी सावरली असेल, मामांशी चार शब्द बोलली असेल. ते सगळं कुठे गेलं, हे या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. या कुंडीतल्या पानांनी काकांच्या सुरुवातीला नाकी नऊ आणले होते. पानं हलायची, यंत्राला वाटायचं हालचाल आहे, आणि चित्रांचा ढीग साठायचा. म्हणून काकांनी त्या कोपऱ्यापुरती मर्यादा वाढवली. पानाएवढी, हाताएवढी, मानेएवढी हालचाल, हालचाल धरायची नाही. ती बाकड्याच्या त्याच टोकाला बसायची. पानांसाठी लावलेल्या नियमात ती सापडली होती.

आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. रोज सकाळी काकांच्या टेबलावर यादी यायची, काल कुठल्या कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त वेळ हालचाल नव्हती त्याची. भर वर्दळीच्या जागी एवढी बचत होतेय म्हणून काका खालच्या कॅमेऱ्यापुढे हिरवी खूण करायचे. गिऱ्हाइकांना दाखवायचे. 'बघा, संध्याकाळी साडेपाच ते सात, गर्दीची वेळ, तरी हा कोपरा बघा.' बायकोने आपली वाट बघण्यात घालवलेले तास त्यांनी लोकांना नमुना म्हणून दाखवले होते, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

"साहेब, बसता का जरा?" मामांनी विचारलं.

"नको. वर काम आहे," काका म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

वर येऊन त्यांनी एक तास बारा मिनिटांची ती संध्याकाळ पुन्हा पहिल्यापासून लावली. साध्या वेगाने. खुर्ची सरळ केली. दहाव्या मिनिटाला बोट आपोआप कळफलकाकडे गेलं. त्यांनी ते मागे घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. माणसं उड्या मारत आली, गेली. ती आकड्यांकडे बघत होती. विसाव्या मिनिटाला पाठ भरून आली. पस्तिसाव्याला तहान लागली. पन्नासाव्या मिनिटाला काका चक्क चिडले, येत का नाही हा माणूस? एवढं काय काम असतं याला? एका क्षणानंतर तो माणूस कोण ते त्यांना आठवलं. बावीस वर्षांत त्यांनी हजारो तास वाचवले होते. त्यातला एक तरी तास किती लांब असतो, ते त्यांना आज कळलं.

एक तास बारा मिनिटं झाली. लिफ्टपाशी एक डाग उगवला. घाईत असलेला, चेहरा पुसून गेलेला. ते स्वतः होते. पुढच्या चित्रात बाकडं रिकामं. पुढच्यात दोन डाग, एक पुढे, एक मागे. आणि सगळ्यात शेवटच्या चित्रात पुढचा डाग दारापाशी थांबला होता आणि मागे वळला होता. चेहरा दिसत नव्हता, पण वळलेला होता, एवढं नक्की. चार पावलं पुढे जाऊन, थांबून.

काकांनी त्याला काही केलं नाही. मधली चित्रं भरली नाहीत, वेग वाढवला नाही, कापलं नाही. आहे तसं, सगळंच्या सगळं मुलीला पाठवून दिलं. एवढा लांब व्हिडिओ, पण आकाराने इतका लहान की एका श्वासात गेला.

रविवारी फोन वाजला. काकांनी पहिल्याच घंटेला उचलला.

"बाबा! मिळाला. किती स्पष्ट आहे हो आई! तो दोरा बघितलात चपलेचा? माझ्या निळ्या फ्रॉकचा आहे तो." मुलगी हसत होती आणि तिचा आवाज ओला झाला होता. मग ती जरा थांबली. "पण बाबा, काहीतरी बिघडलंय त्यात. मी वीस मिनिटं बघतेय. बाकीचे सगळे हलतायत, आईच अडकलीय."

"अडकली नाही गं," काका म्हणाले. "शेवटपर्यंत बघ. पुढे ढकलू नकोस. मी अजून खाली यायचोय."